कार्कासोन: मोजलेलं आणि काढलेलं

गेल्या महिन्यात माझ्या प्रगती अहवालातल्या एका ग्राफवर गाईडनी पेन्सिलने गोल केला आणि एवढंच विचारलं, "हा बिंदू मोजलास की काढलास?" काढला होता. दोन नमुने पिशवीतच भुगा झाले होते, म्हणून शेजारचे बिंदू बघून रेघ पुढे ओढली, आणि तसं तळटिपेत लिहायचं राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे, खरं सांगायचं तर, टाळलं.) मी मूळची भूशास्त्राची, सध्या जुन्या बांधकामांतल्या चुन्यावर काम करते. त्या संध्याकाळी वाचनाच्या यादीत कधीपासून पडून असलेलं एक प्रकरण उघडलं. ते दक्षिण फ्रान्समधल्या एका गावाबद्दल होतं आणि त्या गावावर गेली दीडशे वर्षं हाच प्रश्न विचारला जातोय.

गावाचं नाव कार्कासोन. त्याच नावाचा बोर्ड गेम तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. ओद नदीच्या उजव्या काठावरच्या टेकडीवर दुहेरी तटबंदी, ५२ बुरूज, त्यावर टोकदार राखाडी टोप्यांसारखी छपरं. परीकथेच्या पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखं दिसतं. मी तिथे गेलेले नाही, पण फोटो आणि आराखडे इतके पाहिलेत की वाट चुकणार नाही.

आधी थोडा इतिहास, भराभर. पहिल्या शतकातल्या प्लिनीच्या ग्रंथात 'कार्कासो' हे नाव येतं. रोमन काळाच्या अखेरीस टेकडीभोवती तट उभा राहिला. मग व्हिसिगॉथ आले, आठव्या शतकात काही काळ अरब, त्यांच्यामागून फ्रँक. इथे एक दंतकथा आहे. शार्लमेनने वेढा घातला तेव्हा कार्कास नावाच्या राणीने शेवटचं धान्य एका डुकराला चारून ते तटावरून खाली फेकलं. आत धान्याची रेलचेल आहे असं वाटून शत्रूने वेढा उठवला, तिने घंटा वाजवल्या आणि त्यावरून गावाला नाव पडलं. गोष्ट झकास आहे, पण दोन तारखा लावून बघा. नाव शार्लमेनच्या सातशे वर्षं आधीचं, आणि हा प्रदेश फ्रँकांच्या हाती आला तो त्याच्या वडिलांच्या, पेपिनच्या काळात. संशोधनात येणाऱ्यांनी हा सराव जरूर करावा: गोष्ट आवडली की आधी तारखा काढा.

१२०९ मध्ये मात्र खरा वेढा पडला. कॅथर पंथीयांविरुद्ध पोपने धर्मयुद्ध पुकारलं होतं. पाणी संपत आलं, ऑगस्टमध्ये गाव शरण गेलं, तरुण सरदार रेमों-रोजे त्रांकाव्हेल कैदेत पडला आणि त्याच नोव्हेंबरात तिथेच मेला. १२२६ पासून कार्कासोन फ्रान्सच्या राजाचं झालं. नववा लुई आणि तिसरा फिलिप यांच्या काळात बाहेरचा दुसरा तट बांधला गेला, आतला डागडुजी करून वाढवला गेला. स्पेनची सरहद्द जवळ होती, म्हणून एवढा खर्च. १६५९ च्या तहाने ती सरहद्द दक्षिणेला पिरेनीज पर्वतापर्यंत सरकली आणि किल्ल्याचं कामच संपलं. नदीपलीकडचं खालचं गाव कापडाच्या धंद्यावर श्रीमंत होत गेलं आणि टेकडीवर गरीब उरले. दोन तटांमधल्या मोकळ्या जागेत विणकरांची घरं उभी राहिली, तटाचे दगड लोक हवे तसे नेऊ लागले.

मला सगळ्यात जास्त रमायला होतं ते भिंतीतच. भूशास्त्रात पहिल्या वर्षी आपण घोकतो की खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आतल्या तटाचा रोमन भाग ओळखायला सोपा आहे: लहान चौकोनी दगडांचे थर आणि मधूनमधून विटांचे पट्टे. तेराव्या शतकात राजाच्या माणसांनी दोन तटांमधली जमीन खोदून सपाट केली. त्यामुळे काही ठिकाणी रोमन पाया उघडा पडला, आणि त्यांनी त्याच्या खाली नवं बांधकाम घालून भिंतीला आधार दिला. म्हणजे तिथे वर रोमन आणि खाली मध्ययुगीन! नुसता नियम लावला तर हजारेक वर्षांचा हिशोब उलटा होईल. तिसऱ्या फिलिपच्या काळातले दगड तर आणखी वेगळे, प्रत्येकाच्या मध्यावर फुगवटा ठेवलेला. या भिंतीने स्वतःच्या नोंदी ठेवल्यात, वाचणारा हवा.

असा एक वाचणारा गावातच जन्मला होता. जाँ-पिएर क्रो-मेरव्हिएय (१८१०–१८७६) या स्थानिक इतिहासकाराने १८३९ मध्ये तिथल्या सां-नाझेर चर्चमधली एका बिशपची झाकून गेलेली समाधी उजेडात आणली आणि मग किल्ला वाचवायचा ध्यासच घेतला. १८५० मध्ये सरकारने लष्करी ठाण्यांच्या यादीतून किल्ला वगळला, म्हणजे पाडायला मोकळीक. क्रो-मेरव्हिएय, नगरपालिका आणि ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे ('कार्मेन' कथा लिहिणारे तेच) यांनी आरडाओरडा केला आणि निर्णय मागे घ्यायला लावला. पर्यटक ज्याचं नाव घेतात तो वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक १८४४ पासून चर्चचं काम बघत होता, पण तटबंदीचं काम सुरू झालं १८५३ मध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट. व्हियोले-ल-द्युकची भूमिका स्पष्ट होती आणि त्याने ती छापूनही टाकली: जीर्णोद्धार म्हणजे नुसती डागडुजी नाही, वास्तूला पूर्णत्व देणं, मग ते पूर्ण रूप प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नसलं तरी चालेल. तिकडे इंग्लंडात रस्किन नेमकं उलटं म्हणत होता. त्याच्या मते जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा सर्वनाश आणि वर खोटेपणा.

त्या फोटोतल्या राखाडी टोप्या याच भूमिकेतून आल्या. छपरासाठी त्याने पाटीचा दगड वापरला, तोच आपल्या आजोबांच्या शाळेतल्या पाटीचा. या उन्हाळी दक्षिणेत बसकी, लाल कौलांची छपरं असतात. उतरती, टोकदार छपरं उत्तर फ्रान्सची. बाजू घेणारे म्हणतात, राजाचे कारागीर उत्तरेकडून आले होते, तेव्हा त्यांच्या बुरुजांवर अशी छपरं असणं अशक्य नाही. मान्य. पण रोमन बुरुजांवरही तीच? १९६० च्या दशकात काही रोमन बुरुजांवरची छपरं काढून बसकी कौलारू छपरं घातली गेली.

चर्चच्या बाबतीत चूक आणखी उघड आहे. सां-नाझेरची पश्चिमेकडची भिंत हा व्हिसिगॉथांच्या तटबंदीचाच भाग असणार, असा त्याचा समज झाला, म्हणून त्याने तिच्यावर किल्ल्यासारख्या चर्या बसवल्या. समज चुकीचा होता. भिंत चर्चचीच होती.

तरी त्याला नुसतं झोडपून मोकळं होणं मला जमत नाही. कारण तटाचा बराचसा भाग जुनाच आहे, त्याने घातलं ते मुख्यतः वरचं: चर्या, छपरं. आणि काम करताना त्याने आधीची स्थिती आणि नंतरचा प्रस्ताव अशी वेगवेगळी चित्रं काढून ठेवली. आज आपण त्याला पकडतो ते बऱ्याच अंशी त्याच्याच कागदांवरून. माझ्या ग्राफात तेवढंही नव्हतं.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच पुसण्याचा. दोन तटांमधली विणकरांची घरं हळूहळू हटवली गेली, मध्ययुग स्वच्छ दिसावं म्हणून. तीही पिढ्यान्पिढ्यांची वस्ती होती, किल्ल्याच्या इतिहासाचाच एक थर. तिथे आता लोक फिरायला जातात. छप्पर बदलता येतं. ती घरं परत आणायची कशी?

१८७९ मध्ये व्हियोले-ल-द्युक वारला, काम शिष्यांनी विसाव्या शतकापर्यंत ओढलं. १९९७ मध्ये युनेस्कोने कार्कासोनला जागतिक वारसा यादीत घेतलं, आणि कारणांमध्ये त्याच्या जीर्णोद्धाराचाही उल्लेख केला. म्हणजे चर्चवरच्या त्या चुकीच्या चर्या आता स्वतःच जपायची वस्तू झाल्या. काढल्या तर एकोणिसाव्या शतकाचा पुरावा जातो, ठेवल्या तर बाराव्या शतकाबद्दल खोटं सांगत राहतात. सध्या त्या जागेवरच आहेत.

पुढच्या वेळी कार्कासोनचा फोटो दिसला तर मोठा करून बघा. आधी छपराचा रंग, मग दगडांचा आकार आणि विटांचे पट्टे, आणि शेवटी भिंत जमिनीला टेकते ती जागा. कुठल्या शतकाच्या खाली कुठलं शतक आहे, ते मला कॉमेंटमध्ये कळवा.