गणपतीची लेखणी आणि ८,८०० श्लोक

पुण्यातच प्रसिद्ध झालेली आदिपर्वाची दोन पुस्तके शेजारीशेजारी उघडून ठेवावीत. एक चित्रशाळा प्रेसचे. रामचंद्रशास्त्री किंजवडेकरांनी संपादिलेली ही नीलकंठी टीकेसह असलेली आवृत्ती १९२९ पासून निघू लागली. दुसरे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचे. विष्णु सीताराम सुकठणकरांच्या संपादनाखाली ते १९३३ मध्ये पूर्ण झाले. गाव एक, काळही जवळपास एकच. तरीही पहिल्याच अध्यायात दोन्ही पुस्तकांच्या वाटा वेगळ्या होतात.

चित्रशाळेच्या पुस्तकात व्यास चिंतेत आहेत. काव्य मनात रचून झाले आहे, पण ते उतरवून घेणारा पृथ्वीवर कोणी नाही. ब्रह्मदेव येतात, काव्याची वाखाणणी करतात आणि गणेशाचे नाव सुचवून निघून जातात. गणेश येतो, पण अट घालतो: माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यास उलट अट घालतात: अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग दम खाण्यापुरती उसंत मिळावी म्हणून व्यास मधूनमधून गाठी घालतात. सर्वज्ञ गणेशही तिथे विचार करत थबकतो आणि तेवढ्यात व्यासांचे पुढचे श्लोक रचून होतात. त्याच ओघात एक आकडा येतो. असे ८,८०० श्लोक आहेत, जे मी जाणतो, शुक जाणतो, संजय जाणतो की नाही कोण जाणे, असे व्यास म्हणतात.

भांडारकर संस्थेच्या संहितेत यातले काहीच नाही. ब्रह्मदेव नाहीत, गणपती नाही, ८,८०० सुद्धा नाहीत. हा सगळा मजकूर आहे तो परिशिष्टात. ज्या महाराष्ट्रात एकही काम गणपतीचे नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही, तिथल्याच संपादकाने महाभारताच्या उंबरठ्यावरून गणपतीला उठवले. त्याला कारण तसेच भक्कम असले पाहिजे.

संशयाची सुरुवात मात्र पुण्यात झाली नव्हती. मॉरिझ विंटरनिट्झ या पंडिताने १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची गरज मांडली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने महाभारतातल्या गणेशावर एक टिपण लिहिले. दक्षिणेकडच्या ग्रंथलिपीतल्या पोथ्या चाळताना त्याच्या लक्षात आले होते की तिथे गणेशलेखकाची कथाच नाही.

हा पुरावा किती वजनाचा? एखाद्या पोथीत काही नाही याचा अर्थ ते मुळात नव्हते, असा लगेच होत नाही. लेखकाची नजर चुकते, पान गळते, वाळवी लागते. पण दक्षिणेकडच्या संहितेचा स्वभाव गाळण्याचा नाही, भर घालण्याचा आहे. आदिपर्वाची दाक्षिणात्य संहिता उत्तरेकडच्या संहितेहून फुगलेली आहे. मिळेल ते आख्यान पदरात घेणाऱ्या या परंपरेने नेमका गणपतीच टाकून दिला, हे मानायला जड जाते. पोथी उतरवणारा भाविक देवाला आत घेईल. आत असलेल्या देवाला बाहेर काढणार नाही.

संस्थेचे पोथ्या ताडून पाहण्याचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९२५ मध्ये सुकठणकर प्रमुख संपादक झाले. कामाची रीत बघण्यासारखी होती. आखलेल्या मोठ्या कागदावर वरच्या ओळीत श्लोक लिहायचा, एका चौकोनात एक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. जिथे अक्षर वेगळे असेल तिथेच त्या चौकोनात ते उतरवायचे आणि जास्तीचे श्लोक वेगळे नोंदवायचे. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधल्या सुमारे ६० पोथ्यांतून आदिपर्व असे अक्षराअक्षराने गाळून निघाले. कसोटी साधी होती. एकमेकांपासून दूर वाढलेल्या परंपरा, विशेषतः काश्मीरकडची आणि दक्षिण टोकाची, जिथे एकमुखाने बोलतात तिथे मूळ पाठ हाती लागण्याची शक्यता सर्वांत जास्त. गणेशकथा या कसोटीला उतरली नाही. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये छापून आला तेव्हाच हा निर्णय झालेला होता.

इथे एक चुटपूट लावणारी गोष्ट आहे. काश्मीरकडचा सर्वांत मोलाचा साक्षीदार म्हणजे शारदा लिपीतली भूर्जपत्रावरची पोथी. गेओर्ग ब्यूलरने १८७५ मध्ये काश्मीरचा दौरा करून जो पोथीसंग्रह मुंबई सरकारसाठी आणला, त्यातली. आज ती भांडारकर संस्थेत आहे. आदिपर्वापुरती हाती आलेली शारदा पोथी ही एवढीच आणि तिची सुरुवातीची पाने गळालेली! आपल्याला हवा तो पहिला अध्याय त्या गळालेल्या भागातच होता. म्हणजे मुख्य साक्षीदार आहे, पण नेमक्या प्रश्नाला तो मुका. सुकठणकरांना तिथे काश्मिरी पाठाशी नाते सांगणाऱ्या देवनागरी पोथ्यांवर भिस्त ठेवावी लागली. त्या पोथ्यांत पुढेमागे इतर परंपरांचे पाणी मिसळले असल्याने प्रत्येकीची साक्ष तोलूनच घ्यावी लागते. गणेशकथेविरुद्धचा निकाल पक्का आहे, पण काश्मीरच्या बाजूने तो प्रत्यक्ष भूर्जपत्रावर वाचता येत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

पोथ्या बाजूला ठेवून आता संहितेच्या आतला पुरावा पाहू. चिकित्सक आवृत्तीत टिकून राहिलेल्या आदिपर्वात, ५६ व्या अध्यायात, कृष्णद्वैपायन मुनींनी हे आख्यान तीन वर्षे रोज उठून रचले असे सांगितले आहे. क्षणभरही न थांबणाऱ्या लेखणीशी ही दिनचर्या जुळत नाही. त्यापुढच्याच अध्यायात व्यास हा ग्रंथ सुमंतू, जैमिनी, पैल, शुक आणि वैशंपायन या पाचजणांना शिकवतात. वैशंपायन तो जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकवतो. तिथे ऐकलेला उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात शौनकापुढे सांगतो. मुखातून कानात आणि कानातून पुन्हा मुखात असा हा सारा प्रवास आहे. एकदा लिहून झालेली पोथी नंतर कोणीही उघडत नाही. अठरा पर्वांच्या या पसाऱ्यात, ज्याने तो सगळा लिहून काढला म्हणतात त्या लेखकाची पुढे कुणाला आठवणही होत नाही.

कथा नंतर आली हे ठरले, तर कधी आली? संस्थेला ज्यांचे नाव आहे ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात गणपतीच्या उपासनेचा माग काढला होता. उपद्रव देणारे अनेक विनायक सूत्रवाङ्मयात दिसतात; त्यांतून एक पूज्य देव घडत गेला. त्याची पूजा पाचव्या शतकाची अखेर ते आठव्या शतकाची अखेर या दरम्यान रुजली असावी, असा त्यांचा अंदाज. आधाराला त्यांनी वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृकांबरोबर बसलेला गणपती आणि जोधपूरजवळच्या घटियाळ येथील इ. स. ८६२ चा स्तंभलेख घेतला होता. त्या स्तंभाच्या माथ्यावर चारी दिशांना तोंड करून चार गणपती आहेत. त्यानंतर आणखी जुन्या मूर्ती उजेडात आल्या आणि आज गुप्तकाळापर्यंत मागे जाता येते. तरीही गणपती सर्वमान्य देव होण्याआधी तो व्यासांचा लेखक होणे संभवत नाही, एवढी खालची मर्यादा धरायला हरकत नाही.

वरच्या मर्यादेसाठी दोन साक्षी आहेत आणि खरी मौज त्यांच्या विसंगतीत आहे.

पहिली साक्ष राजशेखराची. हा यायावर कुळातला कवी कनौजच्या प्रतिहार दरबारी होता. पणजोबा अकालजलद याला त्याने महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले आहे. त्याचे ‘बालभारत’ हे नाटक राजा महीपालासमोर व्हायचे होते, म्हणजे दहाव्या शतकाचा पूर्वभाग. त्याच्या सुरुवातीला वाल्मीकी आणि व्यास एकमेकांशी बोलतात. शिवपार्वतीचे अपत्य, अर्धा पुरुष आणि अर्धा हत्ती असा विनायक भारतसंहितेच्या कामी आपल्याला तपाच्या बळावर लेखक म्हणून लाभला, असे व्यास तिथे सांगतात. विनायक शिवाचा मुलगा आहे आणि तो मिळाला आहे तपाने.

दुसरी साक्ष अल्-बीरूनीची. त्याचा हिंदुस्थानविषयक अरबी ग्रंथ साधारण इ. स. १०३० चा, एडवर्ड साखाऊने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो संपादून इंग्रजीत आणला. भारताचे एक लाख श्लोक आणि अठरा पर्वे यांची माहिती देऊन, हरिवंशापाशी आल्यावर तो म्हणतो की यात कोड्यासारखी, अनेक अर्थ निघणारी स्थळे आहेत आणि त्याचे कारण म्हणून लोक एक गोष्ट सांगतात. व्यासाने ब्रह्मदेवाकडे लेखक मागितला. ब्रह्मदेवाने आपला मुलगा विनायक, ज्याची हत्तीच्या तोंडाची मूर्ती करतात तो, या कामाला लावला आणि लिहिणे थांबवायचे नाही असे त्याला बजावले. समजेल तेच लिहायचे, ही व्यासाची अट. म्हणून व्यास विचार करायला लावणारी वाक्ये सांगे आणि तेवढी विश्रांती घेई.

आता या दोन्ही साक्षी आणि चित्रशाळेतला नीलकंठी पाठ समोरासमोर आणू. राजशेखराचा विनायक शिवाचा, अल्-बीरूनीचा ब्रह्मदेवाचा. छापील नीलकंठी पाठात ब्रह्मदेव फक्त नाव सुचवतात. अल्-बीरूनीकडे न थांबण्याची सक्ती विनायकावर लादली जाते, तर नीलकंठी पाठात तोच ती अट मिजाशीत घालतो. पोथीतून उतरवलेली कथा इतकी बदलत नाही. तोंडी फिरणारी बदलते. लोक सांगतात हे अल्-बीरूनीचे शब्दही तेच सुचवतात. निश्चित म्हणता येईल ते एवढेच: दहाव्या शतकात कनौजमध्ये आणि अकराव्याच्या आरंभी वायव्येकडे ही गोष्ट माहीत होती. ती आधी लोकांत होती आणि मग पोथीत शिरली, हा माझा अंदाज. शिरली कशी, याविषयी आणखी एक अंदाज करता येतो. उत्तरेत पोथीचा आरंभ गणेशाला नमस्कार करून होतो. रोज त्याचे नाव लिहून बोरू उचलणाऱ्या लेखनिकांनी आपल्या धंद्याचा मूळपुरुष म्हणून त्यालाच बसवला असेल. याला आधार मात्र काही नाही.

तुटलेल्या दाताची लेखणी हा आज लोकांना सर्वांत प्रिय असलेला तपशील. तो या दोघांपैकी कुणाकडेच नाही, नीलकंठी पाठातही नाही. ब्रह्मांडपुराणात दात मोडतो परशुराम. १२९० मध्ये ज्ञानदेव गणेशाच्या रूपाने सारे वाङ्मय उभे करतात. वेद, स्मृती, पुराणे, दर्शने यांना एकेक अवयव नाही तर अलंकार मिळतो. तिथे हातातला खंडित दात म्हणजे वार्तिककारांनी खोडून काढलेले बौद्धमत. गणेश आणि ग्रंथ यांची एवढी गाठ घालूनही दाताची लेखणी होत नाही. अर्थात रूपकातल्या मौनावर फार भार टाकता येत नाही.

पोथ्यांच्या गर्दीत ही कथा मुख्य प्रवाहात येण्याचे श्रेय पुष्कळसे नीलकंठ चतुर्धरांचे. गोदाकाठच्या कोपरगावचे हे घराणे. नीलकंठांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीत ‘भारतभावदीप’ लिहिला. देशोदेशीच्या पोथ्या जमवून त्यांतले चांगले पाठ निवडले, असे ते स्वतःच सांगतात. निवडताना गाळण्यापेक्षा राखण्याकडे त्यांचा कल होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईला गणपत कृष्णाजींच्या छापखान्याने त्यांची संहिता पोथीच्या आकारात छापली आणि एका गणपतीची कथा दुसऱ्या गणपतीच्या हातून घरोघर गेली.

आता राहिला तो आकडा. जय ८,८०० श्लोकांचा, भारत २४,०००चे आणि महाभारत लाखाचे, ही चढती भाजणी शाळेपासून आपल्या कानांवर आहे. मॅकडॉनेलने १९०० च्या आपल्या संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासात मूळ ग्रंथ ८,८०० श्लोकांचा असल्याचे आदिपर्वच सांगते, असे लिहिले होते. यातले २४,००० चिकित्सक पाठात आहेत. जय हे नावही आहे, पण त्याला श्लोकसंख्या जोडलेली नाही. ८,८०० हा आकडा येतो तो केवळ गणेशकथेत आणि तिथेही तो गाठींच्या, म्हणजे कूट श्लोकांच्या संदर्भात. मूळ ग्रंथाच्या लांबीशी त्याचा संबंध वाचकांनी जोडला. कथा परिशिष्टात गेली की आकड्यालाही तिच्याबरोबर जावे लागते आणि त्यावर उभा असलेला ८,८०० श्लोकांचा जय निराधार होतो.

हा आकडा कथेत केव्हा आला असावा? अल्-बीरूनीला कूटस्थळे माहीत होती, अठरा पर्वे माहीत होती, एक लाख श्लोक माहीत होते. त्याच्या गोष्टीत ८,८०० नाहीत. ग्रहगतीपासून पुराणांच्या यादीपर्यंत दिसेल तो आकडा टिपून घेणाऱ्या या माणसाने तो ऐकला असता तर लिहिल्यावाचून राहिला नसता, असे मला वाटते. तसे असेल तर आकडा कथेहूनही धाकटा ठरतो. पण हा तर्क आहे, त्याला पुराव्याच्या रकान्यात बसवता येणार नाही.