साहेब होण्याच्या वाटा

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावात पोरगा ‘मिलिटरीत जायचंय’ म्हणाला की घरचे भरतीची तारीख विचारतात आणि पोरगा पहाटे उठून सोळाशे मीटर धावायला लागतो. त्यातला एखादा अभ्यासात बरा असला, तर मास्तर सुचवतात, ‘अरे, एनडीए दे.’ म्हणजे शिपाई व्हायचं तर भरती आणि साहेब व्हायचं तर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण अकादमी, अर्थात एनडीए, अशी सरळ विभागणी. अधिकारी कसा घडत आला याचा माग काढत गेलं की ती टिकत नाही. अकादमी हा यातला बराच अलीकडचा दरवाजा आहे.

इंग्रजी अमदानीत देशी माणसाची धाव सुभेदार-मेजरपर्यंत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वीस-पंचवीस वर्षं पलटणीत काढलेल्या अशा सुभेदाराने विलायतेहून कालपरवा उतरलेल्या गोऱ्या पोराला सलाम ठोकायचा, हा तेव्हाचा रिवाज. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांचं रक्त सांडलं, तेव्हा कुठे १९१८ मध्ये इंग्रजांनी विलायतेतल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत हिंदी पोरांना वर्षाकाठी दहा जागा देऊ केल्या. तिथला खर्च बापाच्या खिशातून, म्हणजे ही वाट संस्थानिकांची आणि सधन घरांची. कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात तिथूनच १९२६ मध्ये अधिकारी झाले.

मग १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी निघाली. पहिल्या तुकडीच्या चाळीस जागांची वाटणी पाहण्यासारखी आहे. पंधरा स्पर्धा परीक्षेतून, पंधरा थेट पलटणीतल्या शिपायांमधून, दहा संस्थानांच्या फौजांतून. अकादमी जन्मली तीच शिपायांसाठी दार उघडं ठेवून, हे आज क्लासवाले सांगत नाहीत. इकडे नाशकात हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल काढलं. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असोत, पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलाची लहानपणापासून तयारी करून घ्यावी लागेल, हे त्यांनी वेळेवर ओळखलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र सगळी शिस्त गुंडाळून ठेवली. अधिकारी हवे होते, आणि लगोलग. बेळगावसारख्या ठिकाणी ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलं चालू झाली. काही महिने कवायत, शस्त्रं, नकाशावाचन, की खांद्यावर फीत. निवड कुणाच्या ओळखीने न होता कसोटीने व्हावी म्हणून याच काळात सिलेक्शन बोर्डं आली. आज अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीचं मूळ तिथलं. अलिबागचे अरुणकुमार वैद्य या तातडीच्या वाटेने १९४५ मध्ये अधिकारी झाले. पुढे दोनदा महावीरचक्र, १९६५ आणि १९७१ मध्ये, आणि १९८३ मध्ये लष्करप्रमुख. महाराष्ट्राला खडकवासल्यातून घडलेला लष्करप्रमुख मनोज नरवणेंच्या रूपाने मिळायला २०१९ उजाडावं लागलं.

पण मला खरं थांबवतात ते रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशाच्या लढाईत हवालदार होते, डिसेंबर १९४७ मध्ये कमिशन मिळून अधिकारी झाले. चार महिने होतात न होतात तोच, एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांपुढचे सुरुंग काढायचं काम अंगावर आलं. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांत दोन माणसं गेली, स्वतः राणे जखमी झाले. तरी रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला ‘थांब’, ‘चल’ असं खुणावत त्यांनी वाट मोकळी केली. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालं. हे काम कुठल्या अकादमीत शिकवलेलं नव्हतं. सात वर्षं हातांनी सुरुंगांशी केलेल्या ओळखीचं ते फळ होतं.

खडकवासल्याची एनडीए १९५४-५५ मध्ये उभी राहिली. तिची घुमटाची इमारत सुदानच्या देणगीतून बांधलेली. तिथली तीन वर्षं आणि डेहराडूनचं एक, सगळा खर्च सरकारचा. गिरणीकामगाराच्या किंवा कुळाच्या पोराला सँडहर्स्ट जे कधीच देऊ शकलं नसतं, ते ही देते. शिवाय कोर्समेट! अठराव्या वर्षी एकत्र रगडले गेलेले तिघं पुढे भूदल, नौदल, हवाईदलात गेले तरी फोनवर एकेरीतच बोलतात. हा फायदा दुसऱ्या कुठल्या वाटेवर मिळत नाही, आणि बढतीच्या शर्यतीत लवकर सुरुवात झाल्याचाही उपयोग होतोच.

पण चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये पुन्हा तेच झालं. अधिकारी कमी पडले, मद्रासला ट्रेनिंग स्कूल निघालं. आज तिथे पदवीधर एकोणपन्नास आठवड्यांत अधिकारी होतो. शिपायांतून अधिकारी घडवणारं आर्मी कॅडेट कॉलेजही १९६० पासून १९७७ पर्यंत आपल्या पुण्यातच होतं. आता ते डेहराडूनला आहे. लढाई पेटली की आडवाटा रुंदावतात, शांतता आली की अकादमीचा तोरा वाढतो.

मुलींच्या बाबतीत तर उलटंच घडलं. त्या १९९२ मध्ये आल्या त्या मद्रासच्या दाराने. खडकवासल्याचं त्यांच्यासाठी उघडलं २०२२ मध्ये, आणि पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या.

दिघाशीच्या पोराने एनडीए द्यावीच. प्रशिक्षणाची फी नाही आणि साडेएकोणीसला दार बंद होतं. दहावीला असेल तर एनडीएची तयारी करून घेणारी संभाजीनगरची सरकारी एसपीआय आहे, १९७७ पासूनची. मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून. पण नापास झाला म्हणून दोन-दोन वर्षं घरी बसून क्लासवाल्याची धन करू नये. भिवंडीच्या कॉलेजात नाव घालून पदवी पुरी करावी. पदवीधरांच्या सीडीएस परीक्षेला तीच लागते, आणि चेन्नईचं, म्हणजे त्या मद्रासच्या ट्रेनिंग स्कूलचं, दार पंचविशीच्या आसपास बंद होतं.