चुंबकविद्युत संमिश्रे : लोहखनिजापासून संवेदकापर्यंत

डिचोली तालुक्यातील पाळी, वेळगे परिसराची ओळख लोहखनिजाशी जोडली गेली आहे. या खनिजाचा मुख्य घटक लोहाचे ऑक्साइड. ते अत्यंत शुद्ध स्वरूपात मिळाले, तर अन्य धातूंच्या ऑक्साइडांसह भाजून त्यापासून फेराइट नावाचे चुंबकीय सिरॅमिक तयार होते. चुंबकविद्युत संमिश्र पदार्थांत या फेराइटला महत्त्वाचे स्थान आहे. चुंबकीय क्षेत्र बदलताच विद्युतदाब निर्माण करणारे पदार्थ ते हेच.

तत्त्व

या संमिश्रात दोन घटक असतात. पहिला घटक चुंबकीय क्षेत्रात किंचित लांबतो वा आखडतो. विजेच्या ट्रान्सफॉर्मरची अखंड गुणगुण मुख्यतः याच गुणधर्मामुळे ऐकू येते. दुसरा घटक दाबला वा ताणला असता वीज निर्माण करतो. गॅस पेटविण्याच्या लायटरमधील ठिणगी अशीच पडते. हे दोन घटक एकमेकांस घट्ट जोडले, की पहिल्याची हालचाल दुसऱ्यावर ताण आणते आणि चुंबकीय बदलाचे रूपांतर विजेत होते. एकट्या घटकात नसलेला हा गुण दोघांच्या संयोगातून उत्पन्न होतो.

इतिहास

असा परिणाम असू शकेल, असा तर्क प्येर क्युरी यांनी १८९४ मध्ये मांडला. १९६० मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ अस्त्रोव्ह यांनी क्रोमियम ऑक्साइडमध्ये तो प्रत्यक्ष मोजला. मात्र तो अतिशय क्षीण होता आणि सुमारे ३४ अंश सेल्सिअसच्या वर नाहीसा होत होता. गोव्यातील उन्हाळ्यातही तो टिकला नसता. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधील फिलिप्स प्रयोगशाळेने कोबाल्ट फेराइट व बेरियम टायटनेट यांचे संमिश्र बनवून कितीतरी पट अधिक परिणाम मिळविला. २००१ नंतर पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या रचनांनी त्यात आणखी मोठी वाढ केली.

उपयोग

हृदय व मेंदू यांची अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्रे टिपण्यासाठी सध्या बहुधा अतिशीत तापमानावर चालणारी खर्चीक उपकरणे लागतात. सामान्य तापमानावर काम करणारे चुंबकविद्युत संवेदक हा त्यांना संभाव्य पर्याय आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठात शरीराबाहेरील चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा घेणारी, बॅटरीविना चालणारी सूक्ष्म चेता-उत्तेजक साधने विकसित झाली आहेत. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रचलित लघु अँटेनांहून दहा ते शंभर पट लहान अँटेना सादर केला. स्मृतिसाधने आणि कंपनांतून वीजनिर्मिती ही अन्य क्षेत्रे होत.

मर्यादा

जोड सैल असेल, तर ताण पुढे पोहोचत नाही. भाजताना दोन्ही घटकांची परस्पर रासायनिक अभिक्रिया झाल्यास गुणधर्म बिघडतात. फेराइटमधून वीज झिरपण्याचीही अडचण असते. शिवाय उत्तम परिणाम देणाऱ्या अनेक संमिश्रांत विषारी शिसे असते.

गोव्याचा संदर्भ

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फेराइटयुक्त चुंबकविद्युत संमिश्रांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात फेराइटयोग्य लोह ऑक्साइड हायड्रॅझिन पद्धतीने बनविण्याचे संशोधन झाले. तथापि, खाणीतील खनिजापासून संवेदकापर्यंतची वाट सरळ नाही. गोव्याच्या खनिजात सिलिका व अॅल्युमिना मिसळलेले असतात. उद्योगात फेराइटसाठीचे ऑक्साइड बहुधा पोलाद आम्लाने स्वच्छ करताना उरलेल्या द्रावातून मिळवितात. संवेदकाला पदार्थही अत्यल्प लागतो. त्यामुळे हे तंत्रज्ञान खाणीतील रोजगाराची जागा घेईल, असे मानता येत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यानंतर कच्च्या खनिजाच्या निर्यातीवर विसंबलेल्या गावांची अगतिकता उघड झाली. चुंबकविद्युत पदार्थांचे मोल त्यातील लोहाच्या वजनात नाही. ते शुद्धीकरण, भाजणी आणि जोडणी यांच्या ज्ञानात आहे. हे ज्ञान मात्र खाणपट्ट्याबरोबर रद्द होत नाही.