हिराबाई बडोदेकर यांची तालीम व रंगभूमीवरील पहिलीं वर्षें

मराठी संगीत नाटकाचा इतिहास लिहितांना 1929 या सालाकडे जितकें लक्ष द्यावयास हवें तितकें दिलें जात नाहीं, असें आमचें मत आहे. स्त्रीभूमिका स्त्रियांनींच करावी, आणि तीहि पुरुष नटांच्या बरोबरीनें उभें राहून करावी, या सुधारणेचें श्रेय सामान्यतः 'नाट्यमन्वंतर' संस्थेस व तिनें 1 जुलै 1933 रोजीं रंगभूमीवर आणलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकास देण्यांत येतें. त्या प्रयोगाची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. पहिलेपणाचा वाद घालण्याचीहि आमची इच्छा नाहीं. परंतु त्यापूर्वीं चार वर्षें एका गायक कुटुंबानें आपली स्वतःची नाटक मंडळी काढली, तींत बहिणीभावंडें एकत्र रंगभूमीवर आलीं, आणि तिच्यांतील नायिकेची भूमिका मैफलींत नांवाजलेल्या एका गायिकेनें केली, ही गोष्ट पुसली जाऊं नये म्हणून हा लेख लिहीत आहों.

ती गायिका म्हणजे हिराबाई बडोदेकर. त्यांचा जन्म 1905 सालीं मिरज येथें झाला. वडील किराणा घराण्याचे सुप्रसिद्ध गायक खांसाहेब अब्दुल करीमखां. आई ताराबाई माने या बडोद्याच्या राजघराण्याशीं संबंध असलेल्या सरदार कुळांतील. खांसाहेब बडोद्याच्या दरबारीं असतां दोघांचा स्नेह जडला आणि तीं बडोदें सोडून प्रथम मुंबईस व पुढें मिरजेस आलीं. या दांपत्यास पांच मुलें झालीं. 1922 च्या सुमारास ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाल्या, आणि धाकट्या बहिणी कमलाबाई व सरस्वतीबाई या नांवांनीं लोकांपुढें आल्या.

हिराबाईंचें गाणें म्हणजे वडिलांच्या गाण्याचा वारसा, असें सरसकट म्हणण्याची चाल आहे. ती अर्धीच खरी होय. घरांत उठतां बसतां जें कानीं पडलें तें वडिलांचें, यांत संशय नाहीं; स्वराचा हळुवार लगाव तेथूनच आला असावा. पण रीतसर तालीम मिळाली ती खांसाहेब अब्दुल वहीदखां यांजकडून, व ज्येष्ठ बंधु सुरेशबाबू यांजकडून. वहीदखां हे अब्दुल करीमखांचे नातलग व त्यांच्याच घराण्याचे. त्यांस कानानें कमी ऐकूं येत असे; परंतु रागाची बढत करण्यांत त्यांची बरोबरी करणारा त्या काळीं विरळा. अतिविलंबित लयींत एकेक स्वर घेऊन त्याच्या अंगानें राग उलगडीत जावयाचें, पुढच्या स्वराची घाई करावयाची नाहीं, ही त्यांची पद्धति. अशा तालमींत विद्यार्थ्यास प्रथम संयम शिकावा लागतो. चटकदार चिजांचा सांठा मागाहून होतो. हिराबाईंच्या गाण्यांतील जो शांतपणा पुढें श्रोत्यांस इतका भावला, त्याचें मूळ आम्हांस या शिकवणींत दिसतें.

1921 मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयानें मुंबईस भरविलेल्या परिषदेंत त्या प्रथम जाहीरपणें गायिल्या. त्या काळीं स्त्रीनें गावयाचें म्हणजे धनिकाच्या दिवाणखान्यांतील बैठकींत, हावभावांसह, असा समज रूढ होता. हिराबाई मात्र व्यासपीठावर स्थिर बसून, हातवारे न करितां, पुरुष गवयांप्रमाणें ख्याल मांडूं लागल्या. पुढें तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होऊं लागली. तिकीट काढून कोणीहि यावें व ऐकावें, या व्यवस्थेंत गायिकेचा आश्रयदाता एक धनिक न राहतां समाज होतो. या फरकाचें मोल जितकें करावें तितकें थोडेंच आहे.

आतां रंगभूमीकडे वळूं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्यास झालें. 'सौभद्र' दोन वर्षांनीं आलें. तेव्हांपासून नायिकेचें गाणें पुरुषाच्या कंठांतून निघत असे. भाऊराव कोल्हटकरांचा उंच, खडा आवाज आणि त्यानंतर बालगंधर्वांचा मधुर आवाज, यांनीं मराठी श्रोत्यांचे कान असे घडविले कीं सुभद्रेचा आवाज म्हणजे पुरुषाचाच, हें कोणास विचित्र वाटेनासें झालें. युरोपांतहि असें घडून गेलें आहे. तेथें ऑपेरांतील सर्वांत उंच स्वराच्या स्त्रीगायिकेस सोप्रानो म्हणतात. पण पोपच्या अमलाखालील रोममध्यें अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्त्रियांस रंगभूमीची बंदी असल्यामुळें त्या भूमिका लहानपणीं खच्ची केलेले पुरुष गात. आमच्याकडे तशी क्रूरता नव्हती, एवढें समाधान मानावें.

केवळ स्त्रियांच्या संगीत मंडळ्या आमच्याकडे होत्या. सातारकर स्त्री संगीत मंडळींतच मोगूबाई कुर्डीकरांनीं बालपणीं कामें केलीं. म्हणजे मोगूबाईंच्या बाबतींत नाटक आधीं व घराण्याची पक्की तालीम मागाहून. हिराबाईंचा क्रम नेमका उलटा: तालीम, मग मैफल, मग 1929 सालीं 'नूतन संगीत विद्यालया'ची नाट्यशाखा. आमच्या मतें या क्रमामुळेंच त्यांचें नाट्यगायन वेगळें झालें. किर्लोस्करांच्या पदांत विस्ताराला जागा थोडी. शब्द पोंचला पाहिजे, आणि तोहि ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावांचून शेवटच्या रांगेपर्यंत. वहीदखांच्या शिकवणींत मुरलेल्या गायिकेस येथें हात आंखडून गावें लागणार हें उघड आहे. पण एका स्वरावर आवाज निश्चल ठेवण्याची जी संवय, ती रंगभूमीवरहि कामीं येते. ओरडावें लागत नाहीं.

मंडळींत सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई अशीं भावंडें होतीं. मात्र काळ प्रतिकूल होता. 1932 मध्यें 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे लोटले. मोठमोठ्या मंडळ्या ज्या लाटेंत बुडाल्या तींत ही लहान मंडळी कशी तगणार? ती कर्जांत सांपडून बंद पडली, आणि त्या कर्जाचा भार हिराबाईंनीं जलसे करून उतरविला. ज्या मैफलींतून त्या नाटकांत आल्या होत्या तिकडेच त्या परत गेल्या, व पुढील सर्व कीर्ति त्यांस तेथेंच मिळाली: 1965 सालीं संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक, 1970 सालीं पद्मभूषण. 1953 मध्यें सुरेशबाबू निवर्तल्यावर त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांस पुढील मार्गदर्शन हिराबाईंनींच केलें.