गाजर, लोणी आणि दोन तास ऊन

चष्मा लागलेल्या जवळपास प्रत्येक मराठी मुलाने हा सल्ला ऐकलेला असतो: गाजरं खा, नंबर उतरेल. पूर्वी मावशी किंवा शेजारच्या काकू सांगायच्या, आता रीलमधला कुणी दादा सांगतो. मूल इमानेइतबारे गाजरं खातं आणि नंबर आपला दरवर्षी वाढत राहतो. त्यात मुलाची चूक नाही, गाजराचीही नाही. जवळचं स्पष्ट आणि लांबचं धूसर दिसतं तेव्हा बहुतेकदा डोळ्याचा गोळा पुढून मागे थोडा जास्तच लांब वाढलेला असतो. वाढलेली लांबी कुठलीही भाजी कमी करू शकत नाही.

मग गाजराचा एवढा बोलबाला झाला कसा? त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनमध्ये जावं लागतं.

सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानं लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकत होती. अंधारात विमान शोधून पाडणं जवळजवळ अशक्य मानलं जाई. अशात जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने रात्रीच्या अंधारात एकामागून एक जर्मन विमानं पाडायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं ‘कॅट्स आइज’, म्हणजे मांजराच्या डोळ्यांचा. आमचे वैमानिक भरपूर गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं, अशी बातमी पसरली.

खरं कारण होतं रडार. विमानात बसेल एवढं छोटं रडार ब्रिटनने तयार केलं होतं आणि ते गुपित राहणं गरजेचं होतं. त्याच वेळी देशात साखर, लोणी, मांस रेशनवर होतं, गाजरं मात्र मुबलक पिकत होती. अन्न मंत्रालयाने ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं हसरं गाजर चित्रांत उभं केलं आणि ब्लॅकआउटमध्ये ठेचकाळायचं नसेल तर गाजर खा, असा प्रचार लावून दिला. जर्मन या थापेला फसल्याचा पुरावा नाही. जगभरच्या आया मात्र फसल्या, आणि अजूनही फसतात.

पण ही थाप इतकी वर्षं टिकली, कारण तिच्या पोटात एक खरी गोष्ट होती. ती गोष्ट रातांधळेपणाची.

दिवसा सगळं दिसतं आणि दिवेलागणीला माणूस चाचपडू लागतो, हा आजार फार जुना. त्यावरचा उपायही तितकाच जुना आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५०० वर्षांच्या एका इजिप्शियन पपायरसवर डोळ्यांसाठी बैलाच्या यकृताचा उपचार लिहिलेला आहे. ग्रीक वैद्य यकृत खायला सांगत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या आजाराला नक्तांध्य म्हटलं आहे आणि त्यावरच्या उपचारांत बकऱ्याचं यकृत आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांना एकच गोष्ट सापडली होती: काळीज खाल्लं की रात्रीचं दिसू लागतं. (मटणाच्या दुकानात आपण ज्याला काळीज किंवा कलेजी म्हणतो, ते यकृतच.)

१८५७ मध्ये ऑस्ट्रियाची ‘नोवारा’ ही युद्धनौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. लांबच्या सफरीत खलाशांना रातांधळेपणा होई. जहाजावरचे डॉक्टर एडुआर्ड श्वार्त्स यांनी हा जुना इलाज करून पाहिला. रुग्णांना शिजवलेलं यकृत दिलं आणि ते बरे झाले. हा आजार अन्नातल्या कमतरतेचा आहे, असं त्यांनी लिहिलं. त्या काळच्या जाणकारांनी त्यांची खिल्ली उडवली.

यकृतात नेमकं काय आहे हे कळायला आणखी अर्धं शतक गेलं. १९१३ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅककोलम आणि मार्गरिट डेव्हिस यांना उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असं काहीतरी आहे, जे नसेल तर पिल्लांची वाढ थांबते. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना ते थेट डोळ्याच्या पडद्यात सापडलं. मंद उजेडात पाहण्यासाठी तिथे एक जांभळट रंगद्रव्य असतं. प्रकाश पडला की ते फिकं पडतं आणि पुन्हा तयार व्हायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल मिळालं.

गाजर यात बसतं ते असं. त्याच्या केशरी रंगापासून आपलं शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. लाल भोपळा, पपई, आंबा यांतही तो रंग असतो. शेवगा, मेथी, पालक यांतही असतो, फक्त हिरव्याखाली झाकलेला. थोडी चरबी सोबत असली तर तो जास्त चांगला पचतो, म्हणून पालेभाजीला तेलाची फोडणी देणारी आजी बरोबरच होती. मात्र टाकी भरली की भरली. ज्याच्या शरीरात कमतरता आहे त्याला रात्रीचं दिसू लागेल. ज्याच्यात नाही, त्याने रोज किलोभर गाजरं खाल्ली तरी मांजराचे डोळे मिळणार नाहीत.

तेव्हा खरा प्रश्न असा उरतो: कमतरता कुणाला होते? याचं उत्तर डेन्मार्कने दिलं, तेही नकळत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्क म्हणजे लोण्याचा देश. दूध भरपूर, गायी भरपूर. तरीही तिथली लहान मुलं आंधळी होऊ लागली. आधी डोळे कोरडे पडायचे, मग बुबुळ धूसर व्हायचं आणि शेवटी ते विरघळल्यासारखं फुटायचं. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांनी या मुलांच्या आहाराचा माग काढला. लोणी जहाजं भरभरून परदेशी जात होतं, कारण तिथे भाव चांगला मिळत होता. गरिबांच्या घरी उरत होतं साय काढलेलं दूध आणि वनस्पती तेलाचं मार्गारीन. जीवनसत्त्व असलेला भाग निर्यात होत होता आणि ते नसलेला भाग मुलांच्या ताटात पडत होता.

मग १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडवला. मार्गारीनचा कच्चा माल यायचा थांबला. सरकारने वर्षअखेरीस लोणी रेशनवर आणलं: माणशी आठवड्याला पाव किलो, गरिबाला परवडेल अशा दरात. १९१८ मध्ये हा डोळ्यांचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आयांना कुणी नव्या सवयी शिकवल्या नव्हत्या, कुठे शिबिर भरलं नव्हतं. लोणी फक्त देशात राहिलं आणि सगळ्यांत वाटलं गेलं. रेशन उठलं, निर्यात पुन्हा सुरू झाली, आणि आजारही परतला.

आपल्या देशात तर अशी मुलं कितीतरी जास्त होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्यावर एक साधी युक्ती काढली. ‘अ’ जीवनसत्त्व यकृतात साठून राहतं, म्हणूनच तर काळजाचा इलाज चालत होता. मग मुलाच्या यकृतातच सहा महिन्यांची बेगमी का करू नये? १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला: दर सहा महिन्यांनी एक छोटा चमचा, त्यात २ लाख युनिट. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात तो केशरी, तेलकट चमचा तुमच्याही तोंडात गेला असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्हाला आठवत नाही, यातच त्याचं यश आहे. डालड्यासारख्या वनस्पती तुपातही हे जीवनसत्त्व मिसळणं कायद्याने बंधनकारक झालं. ज्याच्या ताटात लोणी नाही, त्याच्या डब्यात निदान ते पोचावं, एवढाच त्यामागचा विचार.

याचं मोल डोळ्यांपुरतं नव्हतं. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सॉमर इंडोनेशियात मुलांचे डोळे तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांना नुसता रातांधळेपणा आहे अशी मुलंही इतर मुलांपेक्षा जास्त प्रमाणात दगावतात, गोवर आणि जुलाबासारख्या साध्या आजारांनी. मग आचे प्रांतातल्या ४५० गावांत प्रयोग झाला. १९८६ मध्ये निष्कर्ष आला: ज्या गावांत डोस दिला, तिथे बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. संध्याकाळी अंगणात अडखळणारं मूल खरं तर सगळ्या शरीराची तक्रार सांगत होतं.

आता आपल्या पिढीकडे येऊ. आपल्यातल्या बहुतेकांची टाकी भरलेली आहे. आपला आजार आहे वाढता नंबर, आणि त्यावर लागणारी गोष्ट कुठल्याच ताटात मिळत नाही. ती म्हणजे उघड्यावरचा उजेड. वर्गात साधारण काहीशे लक्स प्रकाश असतो, बाहेर उन्हात दहा हजारांच्या पुढे. वाढत्या वयात जी मुलं रोज बाहेर वेळ घालवतात, त्यांना चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, हे अनेक देशांत दिसलं आहे. तैवानने २०१० पासून शाळांना सांगितलं, की मुलांना रोज दोन तास बाहेर काढा. तिथे वर्षानुवर्षं चढत असलेलं कमी दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण काही वर्षांतच उतरू लागलं.

दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब, वीस सेकंद बघा, हा सल्ला चांगला आहे. त्याने डोळ्यांचा शीण उतरतो. वाचताना फोन थोडा लांब धरा, तेही बरंच. पण दहा वर्षांच्या मुलाची शाळा दुपारी सुटते, क्लास संध्याकाळी सुटतो आणि सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या असतात, तेव्हा त्याला ‘बाहेर खेळ’ म्हणणं म्हणजे १९१७ मधल्या कोपनहेगनच्या गरीब आईला ‘लोणी खाऊ घाल’ म्हणण्यासारखं आहे. तिला लोणी चांगलं असतं हे ठाऊक होतं. तिच्या शहरातून ते रोज बंदराकडे जात होतं.

म्हणून गाजरं जरूर खा, हलवा करून खाल्लात तर तूपही पोटात जाईल. आणि पुढच्या वेळी सोसायटीच्या सभेत मोकळ्या जागेवर आणखी पार्किंग काढायचा विषय निघाला, तर हात वर करून विचारा, की मुलांनी ऊन कुठे खायचं?