जुन्या कारची दुसरी चावी : एक चावी हातात आहे तोवरच करून घ्या

सीमाभागात सेकंडहँड कार घेताना इंजिन, टायर, विमा, आरसी सगळे बघितले जाते. चाव्या किती मिळाल्या, हे मात्र गाडी दारात आल्यावर लक्षात येते. 'दुसरी घरात कुठेतरी आहे, सापडली की देतो,' असे जुना मालक सांगतो आणि ती काही सापडत नाही. मग एकाच चावीवर गाडी वर्षानुवर्षे चालते. तीही हरवली तर मात्र साधे काम मोठे होऊन बसते. म्हणून दुसरी चावी कशी होते, तिला काय लागते आणि कुठे फसायला होते, हे आधीच माहीत असलेले बरे.

चावी फिरते, पण गाडी चालू होत नाही

अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ची चावी म्हणजे खाचा पाडलेले नुसते पाते. रस्त्याकडेचा चावीवाला तशी दुसरी लगेच कापून देतो आणि तिच्यावर गाडी चालते. पुढच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत चोरी रोखण्यासाठी 'इमोबिलायझर' आला. युरोपात १९९८ पासून नव्या कारमध्ये तो सक्तीचा झाला. आपल्याकडेही कंपन्यांनी एकेका मॉडेलमध्ये तो बसवायला सुरुवात केली. मारुतीच्या गाड्यांत त्याला 'आय-कॅट्स' म्हणतात.

अशा चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. चावी फिरवली की त्यातून लहरी निघतात, त्यांच्यावरच चिप जागी होते आणि आपला कोड गाडीला कळवते. तो गाडीच्या यादीत असेल तरच इंजिन चालू राहते. नसेल तर स्टार्टर नुसता फिरत राहतो, किंवा इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडते. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकायला लागतो.

रिमोट वेगळा, चिप वेगळी

इथेच अनेकांचा गोंधळ होतो. दरवाजे उघडणाऱ्या रिमोटला बॅटरी लागते आणि ती संपली की बटण चालत नाही. चिपचा त्या बॅटरीशी संबंध नसतो. त्यामुळे रिमोट बंद पडला तरी चावीने गाडी चालू होते. उलट बाजारातून फोल्डिंग कव्हर आणून जुनी चावी त्यात बसवताना चिप जुन्या कव्हरमध्येच राहिली, तर बटणाने दरवाजे उघडतात पण गाडी सुरू होत नाही. जुने कव्हर टाकून देण्याआधी ते उघडून बघावे.

एका चावीमागे तीन कामे

पहिले काम पाते कापण्याचे. नव्या गाडीबरोबर एक छोटा बिल्ला मिळतो, त्यावर चावीचा नंबर असतो. तो असेल तर नंबरावरून नेमके पाते कापता येते. नसेल तर चालू चावीवरून नक्कल करावी लागते आणि जुन्या चावीची झीज नव्या चावीतही उतरते.

दुसरे काम चिप नोंदवण्याचे. स्टिअरिंगखाली डाव्या-उजव्या बाजूला १६ पिनांचे सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडून नवी चिप गाडीच्या यादीत घालतात. अनेक गाड्यांत त्यासाठी त्या गाडीचा सिक्युरिटी कोड लागतो. तिसरे काम रिमोट जुळवण्याचे. काही गाड्यांत तो चिपबरोबरच जुळतो, काहींत वेगळा जुळवावा लागतो.

नोंदवलेली चावी आणि क्लोन केलेली चावी

बाहेरचे चावीवाले बऱ्याचदा 'क्लोन' करून देतात, म्हणजे जुन्या चिपचा कोड नव्या चिपमध्ये उतरवतात. यात गाडीला स्कॅनर लावावा लागत नाही आणि काम लवकर होते. पण गाडीच्या लेखी या दोन चाव्या म्हणजे एकच चावी. उद्या त्यातली एक हरवली, तर फक्त तिला यादीतून काढता येत नाही. दोन्हींचा कोड सारखाच असल्याने काढली तर दोन्ही जातात. रीतसर नोंदवलेल्या चावीला स्वतःचा कोड असतो, त्यामुळे हरवलेली चावी रद्द करता येते. चावी करून घेताना 'क्लोन की नोंदणी?' हे आधीच विचारून घ्यावे.

जाताना काय न्यावे

- आरसी, ओळखपत्र आणि विम्याची प्रत. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर चावीची ऑर्डर घेण्याआधी अडवू शकते. गाडी दुसऱ्या राज्यातून आणली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि फॉर्म २९, ३० ची नावबदली आधी उरकून घ्यावी.
- हातात असलेल्या सगळ्या चाव्या. काही गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुनी यादी पुसली जाते आणि समोर असलेल्या चाव्याच परत घेतल्या जातात. घरी राहिलेली चावी मग गाडी ओळखत नाही.
- गाडीची चांगली बॅटरी. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरी उतरली तर काम अर्धवट राहते.

सगळ्याच चाव्या गेल्या तर

चालू चावी असताना फक्त एक चिप वाढवायची असते. एकही चावी नसेल तर गाडी टो करून न्यावी लागते, नाहीतर कारागिराला गाडीजवळ बोलवावे लागते. काही गाड्यांत सिक्युरिटी कोडवर काम भागते. काहींत इमोबिलायझरचा किंवा इंजिनचा कंट्रोल युनिट काढून त्यातली माहिती वाचावी लागते, नाहीतर तो बदलावा लागतो. मग खर्च चावीचा राहत नाही, युनिटचा होतो.

चावी हरवली तर पोलिसांत नोंद करून त्याची पावती जपून ठेवावी. गाडी चोरीला गेल्यावर दावा मंजूर करताना विमा कंपन्या दोन्ही चाव्या मागतात. दुसरी चावी का नाही, हे तेव्हा कागदावर दाखवता आले पाहिजे. चावी बदलण्याच्या खर्चासाठी काही कंपन्यांचे जादा कव्हरही मिळते. विमा नूतनीकरणाच्या वेळी त्याची चौकशी करता येते.

पैसे देण्याआधी तपासणी

नवी चावी लावून इंजिन सुरू करावे आणि काही मिनिटे चालू ठेवावे. त्या वेळी जुनी चावी कुलपापासून लांब ठेवावी. ती जवळ असली तर गाडी तिचीच चिप वाचू शकते आणि नवी चालते असा भास होतो. चारही दरवाजे आणि डिकी उघडते का, जुनी चावी अजून चालते का, हेही बघावे. नंतर दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये अडकवू नयेत. हरवल्या तर दोन्ही एकदमच जातात. दुसरी चावी गाडीतही ठेवू नये, घरी कागदपत्रांसोबत ठेवावी.