बूर्दाँची नळी

अळणावर हे जंक्शनाचे गाव. धारवाडहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गास येथेच दांडेलीकडचा फाटा फुटतो. या मार्गावर वाफेची इंजिने धावत, तेव्हा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर पितळी कडेची तबकडी असे व बॉयलरातील दाब ती दाखवी. त्या तबकडीच्या पोटातली नळी आमच्या जुन्या मोटारीत येऊन बसली, तिची ही हकीगत.

नळी पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ याची. पेटंट १८४९ चे. चपटी, कमानीसारखी वाकविलेली आणि एका टोकास बंद. आत दाब चढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तेवढ्याच हालचालीवर दात्यांच्या योगाने काटा फिरतो.

मोटारीत मात्र ती थेट आली नाही. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस याचा तापमापक निघाला. तो रेडिएटरच्या झाकणावर उभा असे आणि चालकाने समोरच्या काचेतून तो वाचावयाचा. त्याचे टोक पाण्यात नसून पाण्यावरच्या वाफेत असे. पुढे हे झाकण बॉनेटखाली गेले आणि काट्यास डॅशबोर्डावर येणे भागच पडले. इथरसारखा चटकन उडणारा द्रव भरलेली पितळी कुपी इंजिनच्या पाण्यात बुडवावयाची, केसासारख्या बारीक छिद्राच्या नळीने तिच्यातील दाब बूर्दाँच्या नळीस पोचवावयाचा, अशी ती युक्ती. नंतर कित्येक कारखान्यांनी काटा काढून तांबडा दिवा बसविला. स्वस्त पडतो, दुसरे काय!

आमच्या गाडीतही दिवाच होता. एकदा मोल्याहून अनमोडचा चढ चढताना पाणी गळून गेले. उरलेल्या वाफेत दिव्याचे बटण कोरडेच राहिले, दिवा लागला नाही आणि इंजिनचे हेड वाकले. बॉइसचाच दोष, शंभर वर्षांनंतर!

म्हणून हुबळीहून तापमापक आणला. वकिलाच्या खोडीप्रमाणे आधी कायदा पाहिला. नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने दिलेल्याहून निराळा ठरेल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावले. नोंदणीपत्रात तापमापकाचा रकानाच नाही, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो.

अळणावरच्या मिस्त्रीने इंजिन निवू दिले, पाणी काढले, हेडमध्ये कुपी आवळली. इंजिन व बैठक यांमधल्या पत्र्यास भोक पाडून त्यात रबरी कडे घातले, म्हणजे धक्क्यांनी नळी घासून फाटू नये. एवढ्यात त्याने पक्कड उचलली. "वकीलसाहेब, हातभर नळी उरली. कापू?" आम्ही ओरडलोच. नळी कापली की आतला द्रव उडून जातो आणि काटा कायमचा मरतो. उरलेल्या नळीची सैल गुंडाळी करून ती तप्त धुराड्यापासून दूर बांधली.

पुढच्या खेपेस त्याच चढावर काटा ऐंशीवरून पंचाण्णवावर गेला. दिवा शांतच होता. सावली पाहून थांबलो. रेडिएटरच्या झाकणास हात न लावता पाऊण तास बसलो, मग बॉनेट उघडले. पंख्याचा पट्टा ढिला निघाला. तो ताणला, पाणी भरले आणि दिवेलागणीच्या सुमारास अळणावर गाठले.